दोन पंख्यांचं कार्ड

पारोळ्यात धुळे रस्त्याला जीवराम मिस्तरींचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं आणि त्या दुकानातून मेगर लावल्याशिवाय एकही मोटर बाहेर पडत नसे. मेगर म्हणजे हँडल फिरवायची जड पेटी. हँडल फिरवलं की तिच्यातून पाचशे व्होल्ट निघतात आणि मोटरच्या तारांमधली वीज लोखंडी अंगाला कुठे फुटते का, ते काटा दाखवतो. काटा वर राहिला तर मोटर ठणठणीत, शून्यावर पडला तर जळालेली. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, मिस्तरी आधी मेगर लावणार. आणि काटा पडलाच तर तोंडावर सांगणार की मोटर कोरडी चालवलीत, चूक तुमची आहे. या स्पष्टपणामुळे अर्धा तालुका त्यांच्याकडे येई आणि उरलेला अर्धा रागावून चार दिवसांनी यायचा.

अशा माणसाची एकुलती एक मुलगी मोहिनी. दोन वर्षांपूर्वी ती धुळ्याला इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला होती. एका प्रॅक्टिकलला तिच्या हातून एक बोर्ड जळाला. बोर्ड कोणाच्याही हातून जळतो, पण तिथल्या सरांनी तीस पोरांसमोर तिला उभं करून सांगितलं की तुझा हात यंत्राचा नाही, दुसरं काहीतरी बघ. मोहिनीने ते मनावर घेतलं आणि वर्ष संपायच्या आत कॉमर्सला नाव घातलं. मिस्तरी तेव्हा आठ दिवस घरात धुमसत होते. सरांना जाऊन भेटतो म्हणाले, पण तिने जाऊ दिलं नाही. त्यानंतर घरातला साधा बल्बसुद्धा ती बदलायची नाही. बापाला हाक मारायची. स्टुलावर चढून बल्ब बसवताना मिस्तरींना जेवढं दुःख व्हायचं, तेवढं कोणाची मोटर जळाल्यावरही होत नसे.

म्हणून यंदा मोहिनीने जेव्हा सांगितलं की तिला गेम खेळायला कॉम्प्युटर हवाय आणि तो तयार न घेता सुटे भाग आणून ती स्वतः जोडणार आहे, तेव्हा आई कमलबाईने कपाळाला हात लावला आणि मिस्तरींनी मात्र लगेच हो म्हटलं. गेम काय असतो याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. धुळ्या-जळगावच्या पाच मुलींचा तिचा संघ होता, त्या फोनवरून एकमेकींशी बोलत कुठल्याशा शत्रूवर गोळ्या झाडायच्या, आणि येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता त्यांचा सामना होता. एवढं त्यांना कळलं होतं. पोरगी पुन्हा हातात स्क्रू ड्रायव्हर धरणार, हे त्यांच्यासाठी पुरेसं होतं.

बुधवारी बापलेक एसटीने जळगावला गेले. मोहिनीच्या वहीची मागची पंधरा पानं खाडाखोडीने भरली होती. तीन महिने ती याच एका गोष्टीवर बसली होती. बसमध्ये तिने त्यांना समजावलं की हा प्रोसेसर घेतला तर तोच मदरबोर्ड घ्यावा लागतो, तो बोर्ड घेतला तर तीच रॅम लागते, पडद्यावर चित्र काढणारं ग्राफिक कार्ड मोठं घेतलं तर पॉवर सप्लाय मोठा लागतो आणि तरी ते सगळं ज्या डब्यात जोडायचं त्यात मावलं पाहिजे. एक भाग चुकला की बाकीचे सगळे रुसतात. सोयरीक जुळवण्यासारखंच आहे की, मिस्तरी म्हणाले. ती हसली, पण वही काही तिने मिटली नाही.

गोलाणी मार्केटमध्ये दीपक नावाच्या तरुणाचं दुकान होतं. माणूस चांगला, पण दुकानदार. त्याने आधी काचेचा, आतून रंगीबेरंगी दिवे लावलेला डबा पुढे केला. मोहिनीने विचारलं, याला पुढून हवा कुठून जाते? दीपकने डबा फिरवून पाहिला आणि गुपचूप मागे ठेवला. मग त्याने प्रोसेसर महागडा सुचवला. ती म्हणाली की मधलाच द्या, वाचलेले पैसे कार्डात घालायचेत, आणि प्रोसेसर तो द्या ज्याला स्वतःचंही चित्र काढता येतं, म्हणजे उद्या कार्डाला काही झालं तर मशीन आंधळं होणार नाही. दीपकने तिच्याकडे नव्याने पाहिलं आणि त्यानंतर तो तिला ताई म्हणायला लागला.

पण तिने ठरवलेलं कार्ड दुकानात नव्हतं. दुसऱ्या कंपनीचं होतं, तेवढ्याच ताकदीचं, फक्त लांबीला जास्त. इथे मोहिनी अडली. डब्यात ते बसेल की नाही, हे वहीत कुठेच नव्हतं. तिचे हात टेबलाखाली गेले आणि ती ओढणीचं टोक पिळायला लागली. मिस्तरींनी ते पाहिलं. दोन वर्षांपूर्वी धुळ्याहून परत आली, तेव्हाही ती असंच ओढणीचं टोक पिळत बसली होती. त्यांनी खिशातला स्टीलचा टेप काढून तिच्यापुढे ठेवला. तिने कार्ड मोजलं, डबा मोजला, पुन्हा मोजला. बोटभर जागा उरत होती. हेच द्या, ती म्हणाली, आणि मिस्तरींच्या लेखी खरी खरेदी इथेच झाली.

पॉवर सप्लायच्या वेळी मात्र त्यांनी स्वतः तोंड घातलं. दीपकने दिलेला डबा त्यांनी तळहातावर तोलला.

"हाई हलकं शे. यामा तांबं नही," ते म्हणाले.

दीपक समजावायला लागला की वजनावरून ठरत नाही, आबा. पण मोहिनीने दुसरा डबा उचलला, दोन्हींवरचा कागद वाचला आणि सांगितलं की आबा म्हणतात तेच बरोबर आहे, हा जड द्या. परतीच्या बसमध्ये मिस्तरी एरंडोलपर्यंत तो डबा मांडीवर घेऊन बसले होते. आपल्या विद्येचा पोरीला उपयोग झाला म्हणून त्यांची छाती फुगली होती, आणि पुढचा सगळा घोटाळा त्या फुगलेल्या छातीनेच केला.

शुक्रवारी मोहिनी परीक्षेचा फॉर्म भरायला धुळ्याला गेली. सगळी खोकी तिने दुकानामागच्या खोलीत फळीवर लावली होती आणि शनिवारी सकाळी जोडायला बसू, असं सांगून ठेवलं होतं. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मिस्तरींनी सहज खोकी उघडली. मदरबोर्ड पाहिला, त्यात त्यांना काही कळलं नाही, तो ठेवून दिला. पॉवर सप्लायला पंखा होता, आणि पंखा म्हणजे मोटर. मोटर म्हटल्यावर मेगर. त्यांनी तो लावला, काटा वर राहिला. शाब्बास, ते स्वतःशी म्हणाले. मग ग्राफिक कार्ड काढलं. त्याला तर दोन पंखे होते.

त्यांनी मेगरची एक तार कार्डाच्या लोखंडी पट्टीला लावली, दुसरी खालच्या सोनेरी दातांना, आणि हँडल फिरवलं. काटा शून्यावर पडला. त्यांनी तार पुढच्या दातावर सरकवली. काटा थरथरला आणि पुन्हा पडला. आयुष्यभर शून्याचा एकच अर्थ त्यांना माहीत होता. दीपकने पोरीला जळकं कार्ड दिलं, या विचाराने त्यांचं डोकं फिरलं आणि जितका संशय वाढला तितकं हँडल जोरात फिरलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकही दात त्यांनी सोडला नाही.

मग त्यांनी दीपकला फोन लावला. भांडायचंच होतं, पण मिस्तरी भांडणही तपासून करणारे. आधी विचारलं की कार्डाला मेगर लावला आणि शून्य आलं तर काय समजायचं. दीपक हसायला लागला. आबा, ती आतली चिप एक-सव्वा व्होल्टवर चालते, तिला पाचशे दिले तर ती जागेवर मरेल, तो म्हणाला. मग त्याचं हसू थांबलं आणि त्याने विचारलं, "लावला नाही ना तुम्ही?"

"नाही, नाही. विचारून ठेवलं," मिस्तरी म्हणाले.

फोन ठेवून त्यांनी कार्ड उजेडात उलटसुलट फिरवून पाहिलं. कार्ड वरून अगदी नवंकोरं दिसत होतं. ना डाग, ना जळका वास. त्यांनी ते होतं तसं पिशवीत घातलं, पिशवी खोक्यात घातली आणि खोकं फळीवर ठेवलं. संध्याकाळी मोहिनी आली, चहा प्यायली, उद्याबद्दल बोलत राहिली. सांगायचं म्हणून त्यांनी दोनदा तोंड उघडलं. एकदा कमलबाई मध्ये आली आणि दुसऱ्यांदा कोणीच मध्ये आलं नाही, तरी त्यांच्याने सांगवलं नाही. कदाचित कार्ड वाचलंही असेल, असं मनाशी म्हणत त्यांनी आशेचा आधार घेतला. भित्रा माणूस दुसरं काय करतो?

शनिवारी सकाळी मोहिनीने अंघोळ करून सतरंजीवर लाकडी पाट ठेवला आणि एकेक भाग मांडला. आधी तिने प्रोसेसर जागेवर ठेवला. खटका दाबला तेव्हा करकर आवाज झाला आणि तिने डोळे मिटून घेतले. काही मोडलं नव्हतं. मग रॅम बसली, पंखा बसला, बारीक तारा एकेक करून जागेवर गेल्या. प्रत्येक भागाबरोबर तिचा आवाज मोकळा होत गेला. मिस्तरी उजेडासाठी बॅटरी धरून बसले होते. दोन वर्षांत त्यांनी तिला असं पाहिलं नव्हतं, आणि नेमकं आज त्यांना तिच्याकडे बघवत नव्हतं. शेवटी तिने कार्ड पिशवीतून काढलं, दोन्ही हातांनी अलगद बसवलं आणि बटण दाबलं.

पंखे फिरले. दिवे लागले. पडदा काळाच राहिला.

मोहिनीने मशीन बंद केलं, पुन्हा चालू केलं. रॅम काढून पुसून बसवली. तारा तपासल्या. एक वाजला, दोन वाजले, कमलबाई जेवायला बोलावून थकली. शेवटी मोहिनीने कार्ड काढलं आणि पडद्याची तार सरळ मदरबोर्डला लावली. लगेच चित्र उमटलं. म्हणजे बाकी सगळं ठीक होतं आणि मेलेलं होतं ते फक्त कार्ड. ती पाटासमोर हात मांडीवर ठेवून बसली.

"काय व्हयनं?" कमलबाईने विचारलं.

"मन्हाच हात, माय. बाकी काही नही."

मग तिने आईला सांगितलं की अंगात वीज साठलेली असते, आधी लोखंडाला हात लावून ती घालवायची असते, कार्ड काढताना ते राहून गेलं असणार. धुळ्याला झालं होतं तेच पुन्हा झालं. सर बोलले त्यात खोटं काही नव्हतं. हे सगळं ती रडत सांगत असती तर मिस्तरींना सोपं गेलं असतं. ती शांतपणे सांगत होती, जणू जुनी पोचपावती सापडली होती. मिस्तरी बॅटरी हातात धरून उभे होते. शेवटी ते एवढंच म्हणाले की दीपकला विचारून बघू, आणि स्वतःच्याच आवाजाची त्यांना शिसारी आली.

त्या दिवशी दुकानात एक शेतकरी मोटर घेऊन आला. मेगर लावायला मिस्तरींनी हात पुढे केला आणि मागे घेतला. सोमवारी या, ते म्हणाले. शेतकऱ्याला वाटलं, मिस्तरींच्या घरात कोणी आजारी आहे.

रविवारी दहाच्या सुमारास मोहिनीने दीपकला फोन लावला. तिने फोन पाटावर ठेवून स्पीकर सुरू केला. मिस्तरी खाटेवर बसले होते, कमलबाई शेजारी भाजी निवडत होती. मोहिनीने काय काय तपासलं ते सगळं क्रमाने सांगितलं. दीपक म्हणाला की ताई, बरोबर तपासलं तुम्ही, कार्डच गेलंय. मग तो म्हणाला की घाबरू नका, नवीन माल आहे, कंपनीकडे पाठवतो, आतूनच खराब निघालं असं लिहू, बदलून मिळेल.

"तसं लिहू नका," मोहिनी म्हणाली. "ते खराब निघालेलं नाही. माझ्या हाताने गेलंय. उगाच तुमच्या नावावर कशाला?"

पलीकडून दीपकने हळूच विचारलं, "आबा आहेत का तिथे?"

दीपकला कळलं होतं. तरीही तो बोलला नव्हता, बोलणारही नव्हता. पोरगी मात्र न केलेली चूक स्वतःच्या अंगावर घेत होती, कारण चूक आपली असेल तर तोंडावर कबूल करायची, हे ती ज्याच्याकडे पाहून शिकली तो बाप खाटेवर बसून होता. आता गप्प राहिलो तर ही पोर जन्मभर आपल्या हातांना चोर समजेल, हे त्यांना इतकं लख्ख दिसलं की ते उठलेच.

"दीपक, मी जीवराम बोली ऱ्हायनू," ते फोनवर वाकून म्हणाले. "पोरनी काहीच चूक नही. मेगर मीच लावं व्हतं. शुक्रवारे."

दीपकने फक्त बरं म्हटलं आणि फोन ठेवला. कमलबाईच्या हातातली मेथी तशीच राहिली. मोहिनी बापाकडे बघत होती. रागावली की ती घरातली बोली सोडून शाळेतली मराठी बोलायची, आणि आता ती तशीच बोलली.

"तुम्हाला शुक्रवारपासून माहीत होतं?"

"हो."

"काल मी बटण दाबलं तेव्हाही?"

मिस्तरींनी होय म्हणून मान हलवली. दुसरं कार्ड आणतो, उद्याच जळगावला जातो, असं काहीतरी ते सांगायला लागले. पण मोहिनी ऐकत नव्हती. ती मशीनकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी वेगळं उतरत होतं.

"म्हणजे मी जोडलेलं सगळं पहिल्याच फटक्यात चालू झालं होतं," ती म्हणाली. "काल अकरा वाजता. आणि मला कळलंच नाही."

कार्डाचे पैसे भरता आले असते. काल सकाळचे अकरा कुठल्या दुकानातून आणणार?

मोहिनी उठली. सामना पाच वाजता होता आणि कार्डाशिवायही, चित्र थोडं अडखळत का होईना, खेळता आलं असतं. मशीन चालू होतं, त्याला हात लावायची काही गरज नव्हती. तरी तिने वायर काढली, डबा आडवा केला आणि स्क्रू ड्रायव्हर घेतला. एकेक तार सोडवली. रॅम काढली, पंखा काढला, खटका उचलून प्रोसेसरसुद्धा काढला. चालतं मशीन तिने पार मोकळं करून सतरंजीवर मांडलं. कमलबाई घाबरून म्हणाली की अगं, आता पुन्हा नाही जुळलं तर? मिस्तरींनाही तीच धास्ती होती. ते बॅटरी घ्यायला वळले.

"तुम्ही बसा, आबा," मोहिनी म्हणाली. "हात लावू नका."

ते खाटेवर बसले. मोहिनीने खिडकीच्या गजाला तळहात टेकवला, मग पाटासमोर मांडी घातली. या वेळी तिने वही उघडली नाही. प्रोसेसरचा खटका करकरला तेव्हा तिने डोळे मिटले नाहीत, मिस्तरींनी मिटले. प्रोसेसर थंड ठेवणारी जुनी पेस्ट पुसून नवी लावली, पंखा आवळला, रॅम दाबली. एक बारीक तार दोनदा निसटली. मिस्तरींची बोटं गुडघ्यावर आपोआप हलली, पण ते जागचे उठले नाहीत. तिसऱ्यांदा तार बसली. बाहेर रस्त्यावरून एसटी गेली, बाराचा भोंगा झाला, आणि मोहिनीने वायर लावून बटण दाबलं.

पंखे फिरले. पडदा क्षणभर काळा राहिला आणि मग त्यावर पांढरी अक्षरं उमटली.

मोहिनीने दोन्ही हात ओढणीला पुसले आणि सगळा चेहरा फुलवून ती हसली. ते हसू मिस्तरींनी बाजूने पाहिलं. दोन वर्षं ते त्याचीच वाट बघत होते.

"माय, आठे ये," ती म्हणाली. "दख."

कमलबाई मेथीची सुपली बाजूला ठेवून गेली आणि पोरीच्या खांद्याला धरून पडद्यात डोकावली. मिस्तरीही खाटेवरून अर्धे उठले होते. मोहिनीने त्यांना हाक मारली नव्हती. ते पुन्हा खाली बसले.